२२ गुंठे भाड्यानं घेऊन कोंबड्या-शेळ्या : कोकणात कुणी केलंय का?

परसातला
२१ फेब्रुवारी, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुंबईची नोकरी सोडून दीड वर्ष झालं. सध्या बायकोच्या माहेरी राहतो, मालवण-देवगड रस्त्यावर आचऱ्याच्या अलीकडे. माझी स्वतःची जमीन लांज्याला आहे, पण सातबाऱ्यावर एकोणीस नावं. त्यातले चौघे हयात नाहीत आणि दोघं एकमेकांच्या घरी पाणी पीत नाहीत. तिथं कोंबडी सोडायची तरी आधी गावकी बसवावी लागेल.

इथं परसात चौदा गावठी कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. अंडी वाडीतच खपतात, उलट पुरत नाहीत. म्हणून वाढवायचं मनात आहे. शंभर-सव्वाशे कोंबड्या, पाच-सहा शेळ्या, जमलं तर थोडी बदकं.

वाडीपासून दोन किलोमीटरवर सड्याला (कातळाच्या पठाराला) लागून २२ गुंठे वरकस (हलकी, भाताची नसलेली) जमीन मिळतेय. मालक विरारला असतात. वर्षाला १२ हजार म्हणतात. वरच्या अंगाचा गडगा (दगडी कुंपण) धड आहे, बाकी तीन बाजूंचा ढासळलेला. आठ काजू आणि एक आंब्याचं जुनं झाड आहे, त्याचं पीक मालकाचं. विहीर नाही. खालच्या बाजूच्या शेजाऱ्याची आहे, त्याला पाण्याचं विचारलं तर "बघू" म्हणाला. कागदाचं काढलं तर मालक म्हणतात, "कागद कशाला, आपला शब्द आहे ना."

१२ हजार जास्त होतात का? कागद करायचा तर कसला? आणि एवढ्यात किती जनावरं मावतील?


सुकट
२१ फेब्रुवारी, रात्री १०.३२

"बघू" म्हणजे नाही. दीड वर्ष सिंधुदुर्गात काढूनही कळलं नाही?


गडगा
२१ फेब्रुवारी, रात्री ११.०५

काजू मालकाचे, आंबा मालकाचा, पाणी शेजाऱ्याचं. मग तुम्ही १२ हजार कशाचे देताय, वाऱ्याचे? तीन बाजूंचा गडगा रचून घ्यायला गडी काय मजुरी घेतात ते आधी विचारा. ती मजुरी पहिल्या दोन वर्षांच्या भाड्यातून वळती करून घ्या. नाही म्हणाले तर सोडा. सड्यांना काय तोटा आहे आपल्याकडे.


मिरग
२२ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

वायच थांबा. उन्हाळ्यात सगळेच सडे बरे दिसतत. पावसात पाणी खयसून व्हावता ता गावातल्या म्हाताऱ्या माणसांका इचारा. आमच्या शेजाऱ्यान असोच सड्याच्या कडेक गोठो घातल्यान. पयल्याच मोठ्या पावसात गोठ्यातसून व्हाळ गेलो. शेळयो वाचल्यो, कोंबड्यांचा काय इचारू नकात.


सातबाराप्रेमी
२२ फेब्रुवारी, दुपारी १.२०

महसूल खात्यात उभी हयात गेली, म्हणून चार गोष्टी लिहितो.

मालक कागदाला का भितात ते आधी समजून घ्या. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारी कुळं कायद्यानं मालक मानली गेली. ज्यांच्या आजोबांच्या जमिनी तेव्हा गेल्या, त्यांच्या नातवांच्या डोक्यातून "कूळ लागेल" हे भूत अजून उतरलेलं नाही. कागद केला नाही की कूळ लागत नाही, अशी त्यांची समजूत. खरं तर उलट आहे. तोंडी व्यवहारात माणूस तिथं कशासाठी आला होता, याचा पुरावाच राहत नाही.

त्या कायद्यात कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय, पशुपैदास हे शेतीच्या व्याख्येत धरलेले नाहीत, "जोडधंदे" म्हणून वेगळे काढलेत. त्यामुळे करारात "शेती कसण्यासाठी" हे शब्द चुकूनही नकोत. "कोंबड्या व शेळ्या ठेवण्यासाठी, ठरावीक मुदतीपुरता वापर" असं साध्या मराठीत लिहा. तिथं भात, नाचणी, वरी काही पेरू नका. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवर पिकाची नोंद, मालकानंच करायची. एवढं कबूल केलंत की निम्मे मालक सही करतात, हा अनुभव आहे.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. म्हणून लोक अकरा महिन्यांचा करतात. पण शेड बांधणार असाल तर अकरा महिन्यांवर खर्च करणं धाडसाचं. तीन किंवा पाच वर्षांचा करा आणि नोंदवा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे मी आजवर किती जणांना सांगितलं त्याची गणती नाही.

आता सातबारा ताजा काढा. मालक एकटेच आहेत की सामाईक? सामाईक असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र घ्या. नाहीतर गणपतीला आलेला एखादा चुलतभाऊ "कुणाला विचारून?" म्हणून उभा राहील. सातबाऱ्याच्या इतर हक्कात वनसंज्ञेची (सरकारदरबारी जंगल धरल्याची) नोंद आहे का, देवस्थान इनाम (देवळाला दिलेली जमीन) आहे का, तेही बघा. आणि २२ गुंठ्यांत पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती? सड्याच्या जमिनीत निम्मा कातळ निघतो. कातळाचं भाडं देऊ नका.


चाकरमानी६८
२२ फेब्रुवारी, रात्री ९.४५

मी पलीकडच्या पार्टीचा, म्हणजे मालक. डोंबिवलीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारा. माझ्या बाबतीत शब्दशः शेळ्याच होत्या.

देवगड तालुक्यातली आमची ३० गुंठे जमीन ओळखीतल्या माणसाला तोंडी दिली होती, शेळ्यांसाठी. भाडं नाममात्र. दोन वर्षांनी गणपतीत गेलो तर हापूसच्या ३० कलमांपैकी २६ कलमांचे शेंडे गायब. वर त्यानं कोपऱ्यात नाचणी केली होती आणि पीक पाहणीत ती स्वतःच्या नावावर लागावी म्हणून खटपट चालली होती. ते निस्तरताना कलमांच्या किमतीहून जास्त पैसे गेले. तेव्हापासून बेड्याला (आवाराच्या फाटकाला) कुलूप.

तरी परसातला, तुम्हाला सांगतो, बहुतेक मालकांना १२ हजारांची पडलेली नसते. मार्च-एप्रिलमध्ये सड्यावर वणवा लागतो आणि एका दुपारी काजू-कलमं जळून जातात. कुणीतरी हद्दीवरचं गवत वेळेत कापून जाळरेषा काढावी, रान वाढू देऊ नये, महिन्याला चार फोटो पाठवावेत. आम्हाला तिथं डोळा हवा असतो. मालकाशी बोलताना हे आधी काढा, भाड्याचं मागून.


सुकट
२२ फेब्रुवारी, रात्री ९.५८

शेळ्यांची बाजूही कुणीतरी मांडा. हापूसचा पाला कोण सोडेल?


खुडूक
२३ फेब्रुवारी, सायंकाळी ४.१०

मी गुहागरकडची. सहा वर्षं भाड्याच्या १५ गुंठ्यांत कोंबड्या ठेवते, सध्या नव्वदेक आहेत. जागेचं वर बरंच झालंय, मी कोंबड्यांचं लिहिते.

२२ गुंठ्यांत सव्वाशे गावठी कोंबड्या आरामात फिरतील. कमी पडतं ते रात्रीचं घर. कोंबडीला झोपायला दीड-दोन चौरस फूट धरा आणि बसायला आडवे बांबू द्या. जमिनीवर झोपलेली कोंबडी पावसाळ्यात आजारी पडणारच.

जाळीवर कंजुषी नको. षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्या-कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. खाली चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) दोन थर, वर अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. पहिल्या वर्षी मी सगळं नीट केलं होतं. फक्त शेड धुतल्यावर पाणी जायला चिऱ्यात एक मूठभर भोक ठेवलं होतं. एका सकाळी दार उघडलं तर तुसावर सात कोंबड्या ओळीनं पडलेल्या, मानेजवळ रक्त, बाकी अंग शाबूत. एकीचीच मान खाल्लेली. उरलेल्या सगळ्या वरच्या बांबूवर चिकटून बसलेल्या, दाणे टाकले तरी खाली उतरेनात. उदमांजर होतं की मुंगूस यावरून आमच्या घरात अजून वाद आहे. मुंगूस रात्री फिरत नाही, म्हणून मी उदमांजर म्हणते. सासूबाई मुंगूसच म्हणतात. भोक आता चिरा घालून बंद.

वरून घार आणि शिकरा. त्यावर उपाय बंदरात मिळतो. मच्छीमारांची जुनी टाकाऊ जाळी आणा आणि पिल्लांच्या आवारावर ताणून बांधा. नायलॉनची जाळी खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही. लोखंडी पत्रा आणि तार मात्र समुद्राजवळ दोन-तीन पावसाळ्यांत गंजून भुगा होते. पत्रे बांधताना हात राखू नका. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमचे सहा पत्रे उडाले, दोन अजून सापडलेले नाहीत.

लसीकरण. सातव्या दिवशी लासोटा (राणीखेतची पहिली लस), डोळ्यात एक थेंब. पंधरवड्याच्या सुमारास गंबोरो रोगाची. पुढं आठ आठवड्यांच्या आसपास राणीखेतचं इंजेक्शन, आणि देवीची लस. वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. राणीखेत म्हणजे आपली मानमोडी. ती आली की वाडीच्या वाडी रिकामी होते. कुपी निदान शंभर डोसांची येते, तुमच्या वीस पिल्लांसाठी फोडली की बाकी फुकट. म्हणून आम्ही वाडीत दिवस ठरवतो आणि सगळ्यांची पिल्लं एकदम करतो. शेजारणीच्या कोंबड्या तशाच राहिल्या तर आपल्या केलेल्याचाही भरवसा कमी. लस बर्फात आणायची. मी मासळीचा थर्माकोलचा डबा नेते. दुकानदारानं एकदा साध्या पिशवीत घालून दिली होती, ती मी तिथंच परत केली.

दाण्याचा खर्च मोठा. कणी, कोंडा, मिक्सरमधून काढलेलं सुकटीचं कूट, आणि अंड्याच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा. पिल्लांसाठी आजीची पद्धत अजून चालवते. फुटक्या मडक्यात शेण, पेंढा आणि ओलं गोणपाट कोंबायचं आणि संध्याकाळी वारुळाशी पालथं घालायचं. सकाळी मडकं वाळवीनं भरलेलं. पिल्लांसमोर झटकलं की दोन मिनिटांत साफ. मडक्याचा आवाज ओळखून ती धावत येतात.

बाकी राहिली विक्री. त्याची काळजी करू नका. मे महिन्यात चाकरमानी, मिरगाला (जूनमधल्या मृग नक्षत्राला) कोंबडा, गटारीला तर विचारूच नका. मग श्रावणात सगळं थंड. त्यानंतर गौरीचा तिखटा सण, जत्रा, राखण (राखणदार देवाला कोंबडा). पिल्लं काढायची ती या तारखांवरून मागं मोजून. गावठी कोंबडा विकण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागतात. मे महिन्याचा कोंबडा नोव्हेंबरात अंड्यातून बाहेर यायला हवा.


गडगा
२३ फेब्रुवारी, सायंकाळी ४.४०

मडक्याचं वाचून आजोळ आठवलं. दुकानदाराचं नाव टाका की, बाकीचे सावध होतील.


खुडूक
२३ फेब्रुवारी, सायंकाळी ५.०२

नाव नको. पिशवी परत केली तेव्हापासून न सांगता बर्फ देतो.


कोकणकन्याळ
२४ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

शेळ्यांवर कुणी लिहिलं नाही म्हणून. माझ्याकडे कुडाळ भागात २२ आहेत, आयडीवरून जात कळलीच असेल. कोकण कन्याळ इथल्या पावसात टिकते, उस्मानाबादी आणि संगमनेरी आणून मी पैसे घालवून बसलोय. बाहेरून जात आणायच्या फंदात पडू नका.

आपल्याकडे शेळी भुकेनं मरत नाही, ओलीनं मरते. जून ते सप्टेंबर पाय ओले राहिले की खूर सडतात, पाठोपाठ खोकला. जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच माचाण करा, फळ्यांत अर्धा-पाऊण इंच फट, लेंड्या आणि मूत खाली. शेळीला दहा-बारा चौरस फूट धरा. भाताच्या खाचरांकडेला, पाणी साचतं तिथं चरायला सोडू नका. तिथल्या गोगलगाईंतून यकृतातले चपटे कृमी होतात, मग गळ्याखाली सूज येते आणि शेळी बसते. आंत्रविषाराची लस मिरगाच्या आधी. पहिल्या पावसाचं कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की तोच रोग उठतो, संध्याकाळी उड्या मारणारं करडू सकाळी मेलेलं असतं.

शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा लागतो. सड्यावरचं गवत दिवाळीनंतर वाळून करड होतं, मग मे अखेरपर्यंत फणसाचा पाला, शेवगा, सुबाभूळ तोडून आणा. सहा शेळ्या म्हणजे रोज डोक्यावरून वीसेक किलो. दोन किलोमीटरवरून कराल का, एवढंच स्वतःला विचारा.

आणि हो, बिबट्या. दिवेलागणीच्या आत सगळ्या बंद. एखादी नेलीच तर उरलेल्याला हात न लावता लगेच वनखात्याला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई नाही.


बांदावरचा
२४ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

एवढा त्रास कशाला? कंपनीशी करार करून ब्रॉयलरचं शेड टाका. पिल्लं त्यांची, खाद्य त्यांचं, पंचेचाळीस दिवसांत मोकळे.


खुडूक
२४ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

भाड्याच्या सड्यावर, विहीर नसताना, मे महिन्याच्या उकाड्यात ब्रॉयलर? पंचेचाळीस कशाला, एका दुपारीच मोकळे व्हाल.


परसातला
२ मार्च, रात्री ८.२०

सगळ्यांचे आभार. सातबारा काढला. सातबाराप्रेमी काका, तुम्ही ज्योतिषी आहात. नावं पाच, पोटखराबा नऊ गुंठे.

मिरग यांचं ऐकून वाडीतल्या एका आजींना बरोबर घेऊन पुन्हा गेलो. त्या गडग्याशी उभ्या राहिल्या आणि काठीनं दाखवत गेल्या, पाणी इथून येतं, इथून वळतं. मी शेडसाठी धरलेली जागा बरोबर मधोमध. मग त्यांनी विचारलं, "पावसात येतलास खयसून?" पायवाट खालच्या माणसाच्या खाचरातून जाते. जुलैत तिथं लावणी झालेली असते, बांधावरून एक पाय ठेवून जायचं. पन्नास किलोचं खाद्याचं पोतं डोक्यावर घेऊन मी त्या बांधावर, हे चित्र आजींच्याही डोळ्यांसमोर आलं असावं. फार हसल्या.

मालकांना नाही कळवलं. त्यांनी लगेच ८ हजार केले. तरी नाही.


सुकट
२ मार्च, रात्री ८.३१

आजींना आयडी काढून द्या.


परसातला
१९ एप्रिल, रात्री ९.५०

जागा मिळाली. वाडीतच, आमच्यापासून पाच घरं सोडून एक बंद घर आहे. मागं साडेसहा गुंठ्यांचं परडं, चारी बाजूंनी गडगा, जुना मांगर (घरामागचं खोपट), आणि बारमाही पाण्याची विहीर. मालक ठाण्याला, आई त्यांच्याजवळ.

चाकरमानी६८ दादा, तुमचा सल्ला तंतोतंत वापरला. भाड्याचा विषयच काढला नाही. म्हटलं, घर आठवड्यातून उघडून झाडतो, गळती लागली तर पावसाआधी कौलं चाळून घेतो, फोटो पाठवतो. पलीकडं बराच वेळ शांतता. मग फोन आईनं घेतला आणि विचारलं, "देवाकडे दिवो लावशात?" तिथंच ठरलं. वर्षाला तीन हजार, मे महिन्यात दोन कोंबडे, आणि दर गुरुवारी दिवा. करार तीन वर्षांचा, नोंदवला. सातबाऱ्यावर मालक आणि त्यांची बहीण अशी दोनच नावं, दोघांच्या सह्या झाल्या. "कोंबड्या ठेवण्यासाठी" हेच शब्द.

शेळ्या नाहीत. एवढ्या जागेत आणि शेजाऱ्यांच्या फुलझाडांच्या हद्दीत नकोच. कोकणकन्याळ, तुमच्याकडं बघायला येईन. बदकंही नाहीत, विहिरीच्या मालकीणबाईंनी पाणी घाण होईल म्हणून आधीच बजावलंय.


कोकणकन्याळ
१९ एप्रिल, रात्री १०.०५

या. शेळ्या बघायला पैसे नाहीत. विकत घेतल्याशिवाय सोडत नाही एवढंच.


परसातला
६ जुलै, दुपारी ३.३०

आता साठ आहेत. मांगराला अर्ध्या इंचाची जाळी, पाण्याच्या भोकात चिरा, आवारावर मालवण बंदरातून आणलेलं जुनं जाळं. ते लावायच्या आधीच्या चार दिवसांत घारीनं पाच पिल्लं उचलली. धुतल्यावरही जाळ्याचा मासळीचा वास जात नव्हता, तेव्हा वाडीतली सगळी मांजरं परड्याच्या गडग्यावर येऊन बसायची. पाऊस सुरू झाल्यावर वास गेला आणि मांजरंही.

तूस रोज खालवर करतो, तरी गेल्या आठवड्यात सलग चार दिवस झोडपलं आणि शेडमध्ये शिरलं की डोळे चुरचुरायला लागले. ओलं सगळं काढून नवीन टाकलं, थोडा चुना मिसळला. तीन पिल्लांना रक्ती हगवण झाली. डॉक्टरांकडून पाण्यातलं औषध आणलं, एक गेलं, दोन वाचली.

तक्रार एकच आली. शेजारचे काका म्हणतात कोंबडे पहाटे साडेतीनला आरवतात. मी म्हटलं कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का. ते म्हणाले तांबडं फुटायचं तेव्हा फुटू दे, साडेतीनला काय फुटतं? यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. चारातले दोन कोंबडे गटारीला जातील, तोवर धीर धरतो म्हणालेत. एक त्यांनीच सांगून ठेवलाय.

खुडूक ताई, तुम्हालाच विचारायचं होतं. एक काळी कोंबडी अकरा अंड्यांवर बसलीय, आज चोविसावा दिवस. आठ पिल्लं एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी निघाली. उरलेल्या तीन अंड्यांवरून ती उठत नाही, पिल्लं आजूबाजूला चिवचिवत फिरतात आणि ती नुसती फुगते. अंडी काढून घेऊ का?


खुडूक
६ जुलै, दुपारी ४.०५

बादलीत कोमट पाणी घ्या आणि अंडी अलगद सोडा. आपोआप हललं तर आत जीव आहे, पुसून परत ठेवा. नुसतं तरंगत राहिलं तर गेलेलं. पण चोविसाव्या दिवशी माझी फारशी आशा नाही. रात्री अंधारात काढा, दिवसा हात घातलात तर टोचून रक्त काढेल. आणि लांब पुरा, आत फुटलं तर वास दोन दिवस जात नाही.


परसातला
६ जुलै, रात्री ९.१२

एक हललं. परत ठेवलंय. हाताला दोन टोचे बसलेच.